फौजदाराची कच्ची वही

सोमवार, ३ मार्च

सरकारी साहेबांनी कासवाची वही दिली. रोज लिहायचं: काय खाल्लं, किती चाललं, शी केली का. खाडाखोड चालणार नाही म्हणे. सून म्हणाली, "आई, आधी कच्च्या वहीत लिहा, मग बघून पक्क्या वहीत उतरवा." ही ती कच्ची वही. पण कासवाबद्दल लिहायचं ते किती? खाल्लं, हागलं, झोपलं. उरलेलं पान कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून बाकीचं लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. चुका असतील. कोणी वाचायचं नाही. वाचलं तर ज्याचं त्याने बघावं.

झालं असं की लेकाला परदेशात लिफ्ट दुरुस्तीची नोकरी लागली. तो, सून आणि मी, सगळेच जाणार. आणि फौजदार. फौजदार म्हणजे आमचं कासव. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खोल्यांतून फिरून कोपरे तपासतो, पलंगाखाली जातो, कोणाच्या चपला कुठे आहेत बघतो, म्हणून फौजदार. माझा विचार सरळ होता. पिशवीत घालायचा, वर एक पंचा टाकायचा, निघायचं.

पण सून रक्त तपासायच्या दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. नाव, तारीख, वेळ. "माझी चिठ्ठी चुकली तर माणूस मरतो, आई." चुकत नाही तिची, हे खरं. पण त्यामुळे तिला खरं बोलायची खाज लागली आहे. कोणी न विचारता तिने सरकारी कचेरीला पत्र घातलं, आमच्याकडे एक कासव आहे, न्यायला परवानगी लागते का? तोपर्यंत जगात कोणालाही माहीत नव्हतं की आमच्याकडे कासव आहे.

तिसऱ्या दिवशी तीन माणसं दारात.

या जातीची कासवं जगातून संपत चालली आहेत म्हणे, म्हणून ती एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर कागद लागतो. आणि कागद नसेल तर घरात ठेवणं हाच गुन्हा. पंचनामा झाला. फौजदार जप्त झाला. पण त्यांच्या आवारात जागा नाही, सगळे पिंजरे पोपटांनी भरलेत. म्हणून जप्त केलेलं कासव माझ्याच ताब्यात दिलं. माझंच कासव मला सरकारकडून सुस्थितीत मिळालं, अशी सही मी करून दिली.

साहेबाच्या हातात घडीची पट्टी असते. बोलता बोलता काहीही मोजतो. मी त्याचं नाव पट्टीवाला ठेवलं आहे.

पट्टीवाल्याने विचारलं, "नर की मादी?"

मी म्हटलं, "नावच फौजदार आहे."

त्याने 'नर' लिहिलं.

"नीट ऐका, आजी. प्राणी, त्याचं कवच, त्याचं नख, अंडं, पिल्लू, सगळ्याला वेगवेगळी परवानगी लागते. प्रत्येक गोष्ट एक वेगळा नग."

"आणि हागलेलं?"

त्याने पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाला, वरती विचारून सांगतो.

सुनेने चहा आणला तर नको म्हणाला. पाणीसुद्धा नको. ज्याची तपासणी चालू आहे त्याच्या घरचं काही घेता येत नाही. स्वतःची बाटली काढली, भिंतीकडे तोंड करून प्यायला, जसं काही कपडे बदलतोय.

आमचं विमान २० एप्रिलला. तोवर कागद झाला नाही तर फौजदार कायमचा त्यांच्या आवारात, पोपटांच्या शेजारी. जेवताना मी सांगून टाकलं, तो राहिला तर मीही राहते. लेक हसला. सून हसली नाही, तिला विनोद कळतच नाहीत.

आणि मला काही त्याची माया बिया नाही. सरकारला सांभाळीन म्हणून सही दिली आहे. दिलेली सही मोडायची नाही, एवढंच.

बुधवार, ५ मार्च

खाण्याची मंजूर यादी आली. केळं नाही. इतकी वर्षं रोज केळ्याचा तुकडा खातो तो. आज पालेभाजी ठेवली तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच जप्ती आणली. म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, तिच्याकडे बघ.

केळं दिलं. पक्क्या वहीत 'पालेभाजी, दोन मुठी' असं लिहिलं. सुनेने वाचलं आणि केळ्याच्या सालीकडे बघितलं. तिच्या मानेवर शीर उठते ती उठली.

रविवार, ९ मार्च

काही नाही. त्याने केली नाही, मीही नाही.

मंगळवार, ११ मार्च

पट्टीवाला आला होता. त्याने वाट सांगितली. हा कायदा यायच्या आधीपासून कासव आमच्याकडे होतं हे दाखवलं, तर जुना माल म्हणून कागद मिळतो. कायदा आला तेव्हा मला दोन मुलं होती, एक गेलेलं, एक हे लिफ्टवालं. कासव त्याच्या कितीतरी आधीचं. मी तसं सांगितलं.

"तोंडी चालत नाही, आजी."

"पासपोर्टवाल्यांना माझं तोंडी चाललं. जन्मतारीख विचारली, मी म्हटलं उन्हाळा होता. त्यांनी एक जानेवारी लिहिलं."

"माणसाचं चालतं. कासवाचं नाही चालत."

मग म्हणाला, एखादा तारखेचा कागद, पत्र, फोटो, ज्यात कासव दिसतंय असं काहीही. मी म्हटलं, आमच्याकडे फोटो माणसांचेही नाहीत. मला अख्ख्या आयुष्यात दोनदा बसवलंय फोटोला. दुसऱ्यांदा पासपोर्टसाठी.

"आणि पहिल्यांदा?" हे सुनेने विचारलं. चिठ्ठ्या लावणारी बाई, कुठलाही आकडा सोडत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पहिला फोटो लग्नाचा. पत्र्याच्या पेटीत तळाशी होता, कागदात गुंडाळलेला. मागे फोटोवाल्याचा शिक्का आहे, तारखेसकट. मी खुर्चीवर, हे बाजूला उभे, आणि खुर्चीखाली फौजदाराचा मागचा अर्धा भाग. पुढचा अर्धा तपासणीला गेला होता.

पट्टीवाल्याने भिंग लावून बघितलं. कवचाच्या कडेला भोक आहे, तेही फोटोत दिसतंय. माझ्या सासऱ्याने दोरी बांधायला पाडलं होतं, कासव पळून जाईल म्हणून. पट्टीवाला एवढा खूश झाला की माझ्या खुर्चीची उंचीही मोजली.

सून मात्र फोटोत दुसरंच काहीतरी बघत बसली होती. कासव खाली आहे, ही बघते वर.

मग फॉर्म. "प्राणी कसा मिळाला?"

मी म्हटलं, "मी रडायची थांबेना. बापाने ओढ्याकाठचं हे उचललं आणि पाटीत घालून माझ्याबरोबर दिलं."

"कोणत्या मार्गाने आणला?"

"गाडीतून. पाटी मांडीवर."

"मूळ जागेवरून काढताना प्राण्याला त्रास झाला का?"

"नाही. तो गप्प होता. रडत मी होते."

त्याने 'त्रास नाही' लिहिलं. मग पेन थांबलं, फोटोकडे परत बघितलं त्याने. "वय काय होतं तेव्हा?"

"कासवाचं?"

"तुमचं."

"त्याचा रकाना आहे का फॉर्ममध्ये?"

त्याने वरून खालपर्यंत बघितलं. नव्हता.

"मग पुढचं विचारा," मी म्हटलं.

सून उठून आत गेली. भांडी काल रात्रीच घासून झाली होती, तरी नळाचा आवाज येत होता. पाण्याचा नुसता नाश.

मंगळवार, २५ मार्च

सुनेने चार दिवस रजा काढली. रोज सकाळी डबा घेऊन कचेरीच्या रांगेत. एक खिडकी पाठवते दुसरीकडे, दुसरी म्हणते पहिलीकडेच व्हायला हवं होतं. काल तिच्या टाचा सुजल्या होत्या. एवढी घाई कसली आहे बाईला मला विमानात कोंबायची, कोण जाणे. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तेल लावून देता का जरा टाचेला?" दिलं लावून.

आज कवचाचा जाणकार आला. पट्टीवाला पट्टी धरणार, हा आकडे सांगणार. अंगठ्याच्या ठशासारखं असतं म्हणे कवच, प्रत्येकाचं वेगळं. फोटोतलं आणि जमिनीवरचं कासव एकच, असं त्याने लिहून दिलं. फौजदाराने त्याच्या बुटावर केली. पट्टीवाला म्हणाला, वरून उत्तर आलंय, ती तुम्ही टाकून देऊ शकता.

आता १० तारखेला शेवटची पाहणी, मग कागद. "एक नग, नर, कायद्याआधीचा." लेकाने पेढे आणायला हवे होते, आणली बिस्किटं.

शुक्रवार, ४ एप्रिल

फौजदाराचं काहीतरी बिनसलं आहे. खात नाही. केळंसुद्धा नाही. फिरतो, थांबतो, मागच्या पायांनी फरशी खरवडतो. गॅलरीत सुनेने पसरट खोक्यात माती घालून पालेभाजी लावली आहे, तिथे जाऊन उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. म्हटलं, काय आहे? उचलून मातीत ठेवला. भाजी गेली तर गेली, सुनेची आहे.

पक्क्या वहीत: भूक कमी.

रविवार, ६ एप्रिल

फौजदार बाई निघाला.

चार अंडी. मातीत, नीट पुरलेली. पांढरी, कडक, पोरांच्या खेळातल्या चेंडूसारखी गोल. मी तशीच बसले तिथे पाटावर. इतकी वर्षं. मागे जुन्या घरी अंगणात कधीकधी टरफलं सापडायची, मी शेजारच्या मांजराला शिव्या घालायचे. तिची माफी मागायला हवी, पण ती मांजर मेली, तिच्या नाती पण मेल्या असतील.

आता त्याला 'ती' म्हणायचं की काय? जमणार नाही. जिभेला वळण पडलंय.

सुनेला हाक मारली. तिने बघितलं आणि सरळ फरशीवर बसली.

"नर असेल तर अंडी पिल्लांची नसणार," ती काहीतरीच बोलली. मग भानावर आली. "नराशिवायही घालतात, नुसती, पोकळ. पण आई, कागदावर नर आहे. म्हणजे कागदातलं कासव वेगळं, हे वेगळं. आणि कासव कायद्याआधीचं असलं तरी अंडी आजची. चार नवीन नग."

"बरं मग?"

"मग सगळं परत पहिल्यापासून. सहा महिने तरी."

"कळव की मग. सवय आहे तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड असं झालं होतं जसं बाटलीवर नाव लावायचंय आणि नाव कोणी सांगत नाही. फेकली तर पुरावा नष्ट केला, ठेवली तर लपवला. हे तीच मोठ्याने म्हणाली. लेकाला सांगायचं नाही, हे मात्र न बोलता ठरलं. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही, पट्टीवाल्याला दारातच सांगेल.

"मला दोन दिवस विचार करू द्या," म्हणाली, आणि अंडी धुऊन फ्रिजच्या दारात ठेवली, कोंबडीच्या अंड्यांच्या ओळीत.

आमच्या फ्रिजमध्ये सगळ्याला चिठ्ठी असते. 'दूध, ४ तारीख.' 'भात, कालचा.' माझ्या औषधाला तर दोन. या चार अंड्यांना तिने चिठ्ठी लावली नाही. काय लिहिणार?

"पक्क्या वहीत काय लिहिणार आज?" तिने विचारलं.

"खाल्लं. चाललं. झोपलं."

"आणि?"

"'आणि'चा रकाना नाही वहीत."

गुरुवार, १० एप्रिल

आजचं सगळं लिहायला हवं. अजून हसू आवरत नाही.

पट्टीवाला सकाळीच आला. फौजदाराला उलटसुलट मोजलं. वही तपासली. मग पेन उघडून सुनेला विचारलं, कारण अर्जावर सही तिची आहे, "मागच्या पाहणीनंतर प्राण्यात काही बदल?"

सुनेने तोंड उघडलं. मी तिला ओळखते. सांगणार होती. चार दिवस विचार करून तिचा विचार तिथेच आला होता जिथून निघाला होता. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, झालं, आता मी आणि पोपट.

तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून ओरडला, "साहेब, आता झालंच ना सगळं? आज तरी काही घ्या, मी करतोच आहे!"

पट्टीवाल्याने घड्याळ बघितलं. 'बदल नाही' लिहिलं आपलं आपणच, फाईल बंद केली, दोरी बांधली. "फाईल बंद झाली की मी पाहुणा," म्हणाला. "सकाळपासून उपाशी आहे."

आणि आतून लेक, "अगं, ही गोल गोल अंडी कुठून आणलीस? पांढरं घट्टच होत नाहीये!"

आम्ही दोघी एकदमच आत धावलो आणि दारात अडकलो. माझं वय बघता तिने मागे व्हायला हवं होतं. सुटून आत जाईपर्यंत तो ताटली घेऊन बाहेर निघालासुद्धा. दोन अंडी, वर मीठ-मिरपूड.

"चिठ्ठी नव्हती म्हणून घेतली," तो सुनेच्या कानात म्हणाला. "बाकीच्यांवर 'रविवारसाठी' लिहिलं होतंस."

पट्टीवाला खायला लागला. सून खुर्चीची पाठ धरून उभी. एकदा म्हणाली, "साहेब, ते..." मी म्हटलं, "मीठ कमी असेल तर सांगा म्हणतेय ती."

"नाही, छान आहे. थोडं पातळ आहे, पण छान. वेगळीच चव आहे. कोंबडी कुठली?"

"घरची. म्हातारी आहे."

"तरी घालते?"

"आम्हालाही नवल वाटलं."

"काय खायला घालता?"

"पालेभाजी. दोन मुठी."

तेवढ्यात फौजदाराची फेरी आली. पलंगाखालून निघाला, खुर्चीपाशी आला, पट्टीवाल्याच्या बुटाजवळ थांबला आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. पट्टीवाल्याने प्रेमाने त्याच्या पाठीवर टिचकी मारली आणि पावाने ताटली पुसून घेतली.

तो गेल्यावर सून मोरीत जाऊन बसली. मी बाहेरून विचारलं, "उलटी होतेय का?" आतून आवाज आला. आधी वाटलं रडतेय. नंतर कळलं, हसतेय. दहा वर्षांत या घरात तिला एवढ्या मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं. बराच वेळ हसली. मग रडली, पण ते थोडंच.

उरलेली दोन अंडी संध्याकाळी फ्रिजमध्ये नव्हती. गॅलरीतल्या खोक्यातली माती ओली आणि दाबलेली होती.

मंगळवार, १५ एप्रिल

पट्टीवाल्याचा कागद आला. फौजदाराचा नव्हे, त्याचा स्वतःचा. हा माणूस सुनेचा सख्खा भाऊ शोभेल. पाहुणचार घेतला म्हणून त्याने आपणहून वरती कळवलं आहे. आता अर्जदाराने लिहून द्यायचं: 'सदर अधिकाऱ्याने पाहणी संपल्यावर माझ्या घरी दोन अंडी (कोंबडीची) खाल्ली, हे खरे आहे.' खाली सही. हा कागद परत गेल्यावरच फौजदाराचा कागद सुटणार.

सून टेबलाशी बसली, पेन हातात. बोट त्या कंसावर ठेवलेलं.

लेक म्हणाला, "कर की सही. दोन अंड्यांची काय ती गोष्ट!"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नको करूस. मी राहते इथे. कोणीतरी लागणारच त्याच्याजवळ." टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण तोंडाला सवय झालीय, निघाला तो टोमणाच.

"तुम्हाला एकटं ठेवून?" ती म्हणाली. "परत?"

परत म्हणजे काय ते मला कळलं नाही. मला कोणी कधी एकटं ठेवलंय? बापाने तर कासव दिलं होतं बरोबर.

तिने सही केली. पूर्ण नाव, तारीख, वेळ. मग उठली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दवाखान्यात धुतात तसे. तीनदा.

रविवार, २० एप्रिल

विमानात लिहिते आहे. शेजारी लेक घोरतोय. पलीकडे सून. फौजदार विमानाच्या पोटात, सामानात आहे, भोकं पाडलेल्या पेटीत, खाली वर्तमानपत्र. पट्टीवाल्याने स्वतः भोकं मोजून दिली.

पेटीवर चिठ्ठी सुनेनेच लावली. 'फौजदार. कासव. एक नग. नर.' तिचं अक्षर छापल्यासारखं असतं. शेवटचा शब्द जरा हलला होता. मी न बघितल्यासारखं केलं.

विमानतळावरच्या माणसाने पेटी उघडली. कागद बघितला, कासव बघितलं, परत कागद. तरुण होता, उगाच शहाणपणा दाखवायचा होता. फौजदाराला वाकून खालून बघायला लागला.

"नर आहे नक्की?" मला विचारलं त्याने, म्हातारी बघून. खरं बोलेल म्हणून.

सुनेच्या मानेवर शीर उठली.

मी तिच्याकडे बोट दाखवलं. "चिठ्ठी तिने लावली आहे," मी म्हटलं. "तिची चिठ्ठी चुकत नाही."

त्याने झाकण लावलं आणि शिक्का मारला. सून माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता, मी भोकातून आत बघत होते. फौजदार मुंडकं आत घेऊन, चारी पाय ओढून, एक शब्द न बोलता बसला होता.

शहाणी बाई.